मधलं चिन्ह

उल्का गद्रे मुद्दाम चुकायची. फळ्यावर, भर वर्गात, चेहऱ्यावरची रेषही न हलवता.

कर्वेनगरातल्या तिच्या घरी हॉलमध्ये सतरंजी टाकून दहावीचा गणिताचा क्लास चालायचा, तेव्हापासूनची ही खोड. दोन समीकरणं एकाखाली एक लिहायची, दोन्हीकडे 2x आहे तेव्हा वजाबाकी केली की x जातो हे दाखवायचं, आणि मग खालच्या समीकरणाच्या प्रत्येक पदाखाली बदललेलं चिन्ह लिहीत जायचं. पहिलं बदलायचं, शेवटचं बदलायचं आणि मधलं गुपचूप होतं तसंच सोडून द्यायचं. दहावीची मुलं हमखास तिथेच आपटतात, म्हणून तीही तिथेच आपटायची. मग मोठ्या ऐटीत उत्तर काढायची, ते पहिल्या समीकरणात टाकून दाखवायची, 'जुळतंय?' असं विचारायची. ते जुळायचंच, कारण x तिने त्याच समीकरणातून काढलेला असायचा. मग खडू खाली ठेवून, हाताची घडी घालून ती मुलांकडे बघत राहायची.

बघत राहायची म्हणजे बघतच राहायची. पंख्याची घरघर ऐकू यायला लागायची. मुलं एकमेकांच्या वह्यांत डोकवायची, कोणी उगाच पेन्सिलीला टोक करायचं. शेवटी कुठून तरी आवाज यायचा, "मॅडम, मधलं चिन्ह!"

"आलात का शुद्धीवर? मला वाटलं, आता अंथरुणं घालून द्यावी लागणार."

पण नुसतं ओरडून सुटका नसे. ओरडणाऱ्याने फळ्यापाशी यायचं, ते उत्तर दुसऱ्या समीकरणात टाकायचं आणि तिथे ते कसं बसत नाही हे सगळ्यांना दाखवायचं. मग त्याला पर्समधून एक आंबावडी. चूक दाखवणाऱ्याला आंबावडी, हा तिच्या वर्गाचा नियम होता. "एकाला पटणारी उत्तरं ढिगाने मिळतात रे," ती म्हणायची. "दोघांनाही पटतं ते एकच. ताळा दोन्हीत घ्यायचा." कर्वेनगरात तिच्या हाताखालून गेलेल्या मुलांच्या आता मिशा पिकायला लागल्या होत्या, पण रस्त्यात भेटली की अजूनही म्हणत, "मॅडम, ताळा दोन्हीत." उल्काने आयुष्यात मिरवण्यासारखं फार काही केलं नव्हतं. मॅडमचं गणित चुकत नाही, एवढं एक नाव तिने कमावलं होतं.

केयूर भागवत हा त्याच सतरंजीवरचा. शाळेच्या पहिल्या घटक चाचणीत दिवे लावून आलेला, म्हणून त्याची आई त्याला दंडाला धरूनच घेऊन आली होती. पहिले काही आठवडे तो मान वर करून बघत नसे. मग एके दिवशी पंख्याच्या त्या घरघरीत, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, त्याने हात वर केला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मॅडम, मधलं चिन्ह बदलायचं राहिलं का?" राहिलं का! त्या 'का'वर उल्का इतकी खूश झाली की तिने त्याला दोन आंबावड्या दिल्या.

पुढे तो इंजिनीअर झाला, हिंजवडीला नोकरी केली, ती सोडली आणि कोथरूडला स्वतःचा क्लास काढला. चौकाचौकात हाताची घडी घातलेला केयूर फलकांवरून लोकांकडे बघू लागला. ती हाताची घडी कोणाची, हे उल्काला लगेच ओळखू आलं आणि बरंही वाटलं. तो पेढे घेऊन घरी आला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "मॅडम, बीजगणित तुम्हीच घ्यायचं. मला दुसरं कोणी नकोच आहे." क्लासच्या उद्‌घाटनाला त्याने माइक हातात घेऊन ती आंबावडीची गोष्ट सांगितली. मुद्दाम केलेली चूक, मधलं चिन्ह, ती शांतता, सगळं. "त्या वडीमुळे मी गणितात आलो," तो म्हणाला, आणि पालकांनी टाळ्या वाजवल्या. उल्का पहिल्या रांगेत डोळे पुसत होती.

तिचे यजमान श्रीनिवास बँकेतून निवृत्त झालेले. घरी परतताना रिक्षात ते म्हणाले, "छान बोलतो. फारच छान बोलतो."

"अहो, कधी तरी कोणाला चांगलं म्हणा."

"म्हटलं की आत्ताच."

घरचा क्लास तिने बंद केला. सतरंजी कामवाल्या बाईंना दिली, फळा सोसायटीच्या सूचनांसाठी खाली जिन्यापाशी लागला. त्यावर आता 'पाणी जपून वापरा' असं लिहिलेलं असतं.

सुरुवातीचे दिवस चांगले गेले. मग केयूरने रेकॉर्डिंगची टूम काढली. "जी मुलं आजारी पडतात, मामाच्या लग्नाला जातात, त्यांच्यापुरतंच हो मॅडम. तुमचा वर्ग तो वर्गच." मागच्या खोलीत हिरवा पडदा लावलेला होता, त्यापुढे फळा होता, दिवे होते आणि राकेश नावाचा एक गरीब स्वभावाचा तरुण कानाला हेडफोन लावून बसलेला होता. कोणाकडे बघून शिकवू, असं तिने विचारल्यावर त्याने कॅमेऱ्यावरचा लाल ठिपका दाखवला.

ठिपक्याला शिकवायचं म्हणजे वैताग. पण उल्काने कधी अर्धवट काम केलं नव्हतं. एकसामयिक समीकरणांचा धडा आला तेव्हा तिने नेहमीचीच जोडी घेतली.

2x + 3y = 16
2x − y = 8

खालच्या ओळीची चिन्हं बदलली, मधलं सोडून. तीनातून एक गेला, 2y बरोबर आठ, y बरोबर चार, मग x बरोबर दोन. "पहिल्यात टाका. दोन दुणे चार, चार त्रिक बारा, झाले सोळा. जुळतंय?" आणि हाताची घडी घालून ती त्या लाल ठिपक्याकडे बघत राहिली. घरी बसलेल्या मुलालाही विचार करायला वेळ नको का? चांगला बराच वेळ ती तशी उभी होती. मग हसून म्हणाली, "कोणी नाही? अरे, दुसऱ्यात टाका की! चारातून चार गेले, शून्य. आणि समोर आठ. मग कुठे माती खाल्ली आपण?" तिने मधलं चिन्ह बदलून घेतलं. y बरोबर दोन, x बरोबर पाच. दोन्हीत ताळा. काम झाल्यावर तिने राकेशच्या टेबलावर एक आंबावडी ठेवली. त्याने "थँक्यू मॅडम" म्हणून हेडफोन न काढताच ती तोंडात टाकली.

पुढच्या वर्षी तिची एक बॅच कमी झाली. मग फक्त शंका विचारायला मुलं यायची तेवढा तास राहिला, आणि मग फोन आला की शंका आता मुलं ॲपवर विचारतात. एकदा ती चष्म्याचं घर विसरलं म्हणून क्लासमध्ये गेली, तर काचेच्या दारातून तिला स्वतःचाच चेहरा भिंतीएवढा दिसला. रेकॉर्डिंगच्या दिवशीची तीच निळसर साडी, तोच खडूचा हात. खाली मुलं ओळीने बसली होती आणि कोपऱ्यात एक मुलगी, मुलांनी गडबड करू नये म्हणून ठेवलेली, मोबाइल बघत होती. उल्काला फार वाईट वाटलं. आपलीच जागा आपण स्वतःच्या हाताने, शिवाय साडीला इस्त्री करून, देऊन टाकली, असं तिला वाटलं. चष्म्याचं घर न घेताच ती परतली आणि श्रीनिवासना काही बोलली नाही. ते काय म्हणतील ते तिला पाठ होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी तिने गिळलं असतं. पण शाळांची पहिली घटक चाचणी झाली आणि केयूरच्या क्लासची मुलं गठ्ठ्याने एकाच जागी घसरली. कोणीच मधलं चिन्ह बदललं नव्हतं. शिवाय सगळ्यांनी पहिल्या समीकरणात ताळा घेऊन, खाली दोन रेघा ओढून, छान चौकट केली होती. एका शाळेतल्या बाईंनी लाल शाईने लिहून पाठवलं, 'हे कोणी शिकवलं?' पालकांच्या ग्रुपवर मग एका वडिलांनी, दिगंबर सोनवणे त्यांचं नाव, व्हिडिओचा तुकडाच टाकला. 'मॅडम स्वतःच राँग करतायत. आणि आपण मुलांना ओरडतोय.' हिंडत हिंडत तो तुकडा कर्वेनगरात आला आणि शेजारच्या विमलाबाईंनी काळजीच्या आवाजात, पण आवर्जून, उल्काला दाखवला.

तिने तो पाहिला. चिन्हं झाली, y झाला, x झाला. "दोन दुणे चार, चार त्रिक बारा, झाले सोळा. जुळतंय?" आणि तिथे सनई वाजली, केयूरच्या क्लासचं बोधचिन्ह गिरक्या घेत आलं आणि व्हिडिओ संपला.

तिने तो पुन्हा लावला, पुन्हा सनई वाजली. "तब्येत बरी नव्हती का हो त्या दिवशी?" विमलाबाईंनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी ती तडक क्लासमध्ये गेली. राकेश बिचारा उभाच राहिला. "मॅडम, तुम्ही एकदम गप्प झालात ना. मला वाटलं, संपलं. मी कॉमर्सचा आहे हो, मला त्यातलं काय कळतंय. गप्प झालं की कट करायचं, असंच सांगितलंय मला."

"आणि पुढचं? मी पुढे सगळं दुरुस्त केलंय ना!"

"ते नाही राहत मॅडम. जागा लागते. मूळ फाइली उडवतो आपण."

इतका वेळ दारात उभं राहून केयूर ऐकत होता. त्याने तिला आपल्या केबिनमध्ये नेलं, दार लावलं, पाणी दिलं. "मॅडम, मला सांगायला हवं का? मला आठवत नाही का ते? रविवारी पालकसभा आहे. मी उभा राहून सांगतो सगळ्यांना. आमच्याकडून कापताना चूक झाली, मॅडमची पद्धतच ती आहे. तुम्ही फक्त या, बास."

उल्काला इतकं हलकं वाटलं की ती बसने न जाता चालत घरी आली. वाटेत आंबावडीचं पाकीट घेतलं. कशाला घेतलं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"तो सांगणार आहे ना? मग तू कशाला जातेस?" श्रीनिवासनी विचारलं.

"माझ्या नावाचा प्रश्न आहे. मी नको तिथे?"

"बघ बाई. मला आपलं वाटतं, जे सांगायचंय ते ग्रुपवर एका ओळीत लिहिता येतं. त्याला रविवार लागत नाही."

ती साडीची घडी मोडत होती.

पालकसभेला हॉल गच्च भरला होता. केयूरने आधी बाणेरच्या नव्या शाखेची घोषणा केली, पडद्यावर तिची चित्रं दाखवली, लवकर नाव नोंदवणाऱ्यांना काय काय मिळेल ते सांगितलं. मग दिगंबर सोनवणे उठले. माणूस तसा सभ्य, पण मुलीच्या मार्कांनी पोळलेला. "सर, बाणेर राहू द्या. ते समीकरणांचं काय? तुमच्याच व्हिडिओत चूक आहे. नव्या शाखेत पण हेच दाखवणार का?"

हॉलमध्ये कुजबूज झाली. केयूरने माइक दोन्ही हातांत धरला. एकदा बाणेरच्या चित्राकडे बघितलं, एकदा पालकांकडे. उल्काकडे नाही.

"तुमचा राग बरोबर आहे," तो म्हणाला. "ज्या मॅडमनी ते शिकवलंय त्या माझ्या स्वतःच्या गुरू आहेत. आज इथे बसल्यात. त्यांच्याबद्दल एक शब्द वाकडा बोललेला मला चालणार नाही. पण वय कोणाला चुकलंय? आपण त्यांचा मान राखून ते सगळे व्हिडिओ काढून टाकलेत. आता नवीन टीम आहे, तरुण आहे. विषय इथे संपवू या."

उल्का उठली. "केयूर, तू सांगणार होतास ना? सांग ना रे, मी ते मुद्दाम केलं होतं म्हणून."

"मॅडम, आपण नंतर बोलू या का?"

"मुद्दाम?" सोनवण्यांनी वळून पाहिलं. "म्हणजे मुलांना मुद्दाम चुकीचं शिकवता?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. उल्का बोलायला लागली. पद्धत, शांतता, कापलेला व्हिडिओ, उडवलेल्या फाइली. बोलता बोलता तिला स्वतःचंच बोलणं ऐकू यायला लागलं. गृहपाठ घरी राहिला, वही भावाने फाडली, असं सांगणारी मुलं तिने जन्मभर पाहिली होती, आणि त्यांतल्या किती जणांचं खरं असेल, हे आज पहिल्यांदा तिच्या मनात आलं. लोक तिच्याकडे कीव आल्यासारखे बघत होते. चिडले असते तरी तिला चाललं असतं.

मग तिला वाटलं, सांगून नाही, करूनच दाखवू. केयूर समोर आहे. त्याला बोलायला जड जात असेल, पण गणित समोर आलं की तो कसा गप्प बसेल? गणितापुढे खोटं बोलता येत नाही, अशी तिची भाबडी समजूत होती, आणि ती तिने शेकडो मुलांच्या डोक्यात भरवली होती.

ती पांढऱ्या फळ्यापाशी गेली. मार्कर घेतला. तीच जोडी लिहिली. खालच्या ओळीची चिन्हं बदलली, पहिलं आणि शेवटचं. मधलं तसंच ठेवलं. y बरोबर चार, x बरोबर दोन. पहिल्यात टाकलं. "जुळतंय?" असं विचारलं, मार्कर खाली ठेवला आणि हाताची घडी घालून ती केयूरकडे बघत उभी राहिली.

एसीची घरघर ऐकू यायला लागली. पालक फळ्याकडे बघत होते, काही जण फोनमध्ये फोटो काढत होते. केयूरची नजर वरच्या ओळीवरून खाली आली, चिन्हांवरून सरकत गेली आणि मध्यावर थांबली. उल्काने ते पाहिलं. त्याचे ओठ किंचित उघडले, अगदी त्या दिवशी सतरंजीवर उघडले होते तसेच. बोल, बाळा, बोल, ती मनात म्हणत होती. नुसते दोन शब्द.

केयूर पालकांकडे वळला. आवाजात भरपूर दुःख आणून, अगदी हळू, तो म्हणाला, "बघितलंत? परत तीच चूक. आता मी काय बोलू?"

कोणी हसलं नाही. पहिल्या रांगेतल्या एका आईने च् च् केलं. सोनवण्यांनीही मान खाली घातली. म्हातारीला उगाच उभं केलं, असं त्यांना वाटलं असावं.

उल्का फळ्याकडे वळली. तिच्या वर्गात ती चूक आजवर कायम कोणी ना कोणी दुरुस्त केली होती. आज तिने स्वतःच मार्कर उचलला आणि मधलं चिन्ह बदललं. y बरोबर दोन, x बरोबर पाच. पहिल्यात ताळा घेतला, दुसऱ्यातही घेतला. तोवर मागे खुर्च्या सरकायला लागल्या होत्या, बाणेरला पार्किंग आहे का असं कोणी विचारत होतं. फळ्याकडे कोणी बघत नव्हतं.

तिने पर्स उघडली, पाकीट फोडलं आणि एक आंबावडी केयूरसमोर टेबलावर ठेवली.

"घे," ती म्हणाली. "चूक तू दाखवलीस. नियम म्हणजे नियम."

"मॅडम, प्लीज..."

"खा की. सगळे थांबलेत."

खरंच सगळे थांबले होते. "किती मायाळू आहेत हो," ती पहिल्या रांगेतली आई शेजारणीला म्हणाली, आणि कोणीतरी कौतुकाने फोन वर धरला. केयूरला वडीचा कागद सोडवता येईना. शेवटी त्याने ती तोंडात टाकली आणि लोकांकडे बघून हसायचा प्रयत्न केला. उल्का हाताची घडी घालून त्याच्याकडे बघत होती. ती पूर्ण चघळून त्याने गिळेपर्यंत ती तिथून हलली नाही.